लिहून घे, कुंदा

मुलुंड (पूर्व), १३ जानेवारी २०२५

देवू,

पाकीट बघून दचकू नकोस. कुणी गेलेलं नाही, कुणाला काही झालेलं नाही, रेवती आणि तिची लेक ठणठणीत आहेत. फोन केला असता, पण फोनवर आपण दोघं 'हं' आणि 'बरं'च्या पुढे कधी गेलो नाही, म्हणून लिहिते. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तुला वाचायचा त्रास होतो असं रेवती म्हणाली. तसं असेल तर तुझा पुतण्याच वाचून दाखवत असेल. अनय, बाळा, काकाला चष्मा शोधून दे आणि तू जरा खाली फिरून ये.

कालची पुरवणी पाहिलीस ना? अर्धं पान. तुझा तो शाल पांघरलेला फोटो आणि वर ठसठशीत मथळा, 'नेरूरकरांची नाटकं नेरूरकरांचीच का?' लिहिणारी मुलगी गार्गी म्हणून आहे, बोरिवलीला राहते, तुझ्या नाटकांवर पीएच.डी. करते. तिचं म्हणणं असं की थोर नाटककार देवव्रत नेरूरकर यांनी जी काही नाटकं लिहिली, ती बायको घरात होती तोवर. बायको मुलुंडला निघून गेली आणि त्यानंतर थोर नाटककारांच्या हातून एक प्रवेशसुद्धा उतरला नाही. शिवाय त्यांच्या नाटकांतले पुरुष छान बोलतात, पण बायका खरं बोलतात. तेव्हा लिहिणारी कुंदाच असणार आणि नवऱ्यानं नुसतं नाव लावलं असणार.

मी तिला यातलं अक्षरही सांगितलेलं नाही. एवढं तुला कळावं म्हणून हे पत्र. मी तिला कधी भेटलेलेच नाही.

इकडे मात्र माझी वाट लागली आहे. सकाळी दूध आणायला खाली उतरले तर सेक्रेटरी हात जोडून उभे. "वहिनी, इतकी वर्षं आमच्या बिल्डिंगमध्ये एवढी मोठी लेखिका, आणि आम्हाला पत्ता नाही." सव्वीस जानेवारीला झेंड्याखाली माझा सत्कार ठरलाय, शाल आणि नारळ. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंना महिला मंडळासाठी पंधरा मिनिटांचं विनोदी नाटुकलं हवंय, पात्रं आठ, सगळ्यांना सारखी वाक्यं. मी नाही म्हटलं तर त्यांना वाटलं मी भाव खाते.

लेख छापायच्या आधी तिनं तुलाही विचारलं होतं म्हणे. तू म्हणालास, "कुंदाला विचारा." बस, तीन शब्दही नाहीत. त्या मुलीनं ते कबुलीजबाबासारखं छापलंय.

मी इथे आले ती आईची जागा बंद पडू नये म्हणून, असंच आपण सगळ्यांना सांगत आलो. गार्गीला तेही ठाऊक आहे आणि तिचा त्यावर विश्वास नाही. थंडी आहे, कान झाकत जा.

कुंदा


मुलुंड, २७ जानेवारी

देवू,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं, तरी पोस्टमनची वेळ झाली की गॅलरीत जाऊन उभी राहत होते. या वयात.

काल सत्कार झाला. नारळ नासका निघाला. आणि आज गार्गी आली होती. मी दारातच झापणार होते, पण पोरगी वाकून नमस्कार करून म्हणाली, "तुमच्यावर अन्याय झालाय असं मला मनापासून वाटतं." आता असल्या मुलीला काय झापणार? आत घेतलं, थालीपीठ लावलं.

तिला विचारायचं होतं, नाटकं कशी लिहिली जायची. देवू, मला सांगायला घेतल्यावर कळलं की हे मी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. मी सांगितलं, आमचं घाटकोपरचं घर दोन खोल्यांचं. देवव्रत सकाळी दाढी करता करता बाहेरून म्हणायचा, "समजा, मी दोन दिवसांनी घरी आलोय." मी आतून पोळ्या लाटत म्हणायचे, "मग तिथेच जेवायचंस." तो म्हणायचा, "तुला चौकशीही करावीशी वाटत नाही?" मी म्हणायचे, "चौकशी पहिल्या दिवशी करतात." झालं, सुरू. मी टेलिफोनच्या ऑफिसात जाईपर्यंत चालायचं, संध्याकाळी आल्यावर तिथूनच पुढे. तो कोण आहे, मी कोण आहे, कुठलं नाटक आहे, काही सांगायचा नाही. तो पुरुष असायचा आणि मी त्याला उत्तर द्यायचे. रात्रीची भांडी झाली की तो म्हणायचा, "लिहून घे, कुंदा." कारण त्याचं अक्षर त्याला स्वतःला लागायचं नाही, आणि मी ऑफिसात दिवसभर लोकांचं ऐकून लिहायचंच काम करायचे.

गार्गी म्हणाली, "म्हणजे तुम्हीच लिहिलीत."

मी म्हटलं, "अगं, त्यानं 'समजा' म्हटलं नसतं तर मी उत्तर कशाला दिलं असतं?"

मग तिनं ते 'गॅस'चं काढलं. 'तिसऱ्या मजल्यावरचं पाणी'च्या दुसऱ्या अंकात, नवराबायको ऐन रंगात भांडत असताना बायको मधेच म्हणते, "आधी गॅस बंद कर." तुला आठवतं, त्या चार शब्दांवर समीक्षकांनी काय काय लिहिलं. धुमसता संसार, स्फोटाची भीती, मध्यमवर्गाची घुसमट. गार्गीनंही प्रबंधात त्यावर सात पानं खर्ची घातली आहेत. मी तिला खरं सांगितलं की त्या दिवशी दूध उतू जात होतं. मी भांडणाच्या ओघात तुला गॅस बंद करायला सांगितलं, तू केला नाहीस, म्हणालास, "झकास, राहू दे तसंच," आणि मी तेही लिहून घेतलं. दूध गेलं ते गेलंच.

ती इतकी हसली की ठसका लागला. मीही हसले. मग ती गेल्यावर घर एकदम मोठं वाटायला लागलं. पोळपाट धुताना मी सहज मोठ्यानं म्हटलं, "मग तिथेच जेवायचंस." बाहेरून कुणी काही बोललं नाही.

इथे आल्यावर मी लिहायचा प्रयत्न केला होता, हे तुला माहीत नसेल. टेबल घेतलं, चांगला दिवा घेतला. बायका भराभर बोलायच्या, पण त्यांना चिडवायला समोर कुणी नाही. एकटीनं भांडता येत नाही. तुझंही तसंच झालं असणार. मला तुझी फार आठवण येते. हे आडून आडून सांगण्यापेक्षा लिहूनच टाकते.

कुंदा


मुलुंड, ९ फेब्रुवारी

देवू,

तुझ्या प्रकाशकांचा मुलगा आकाश येऊन गेला. आता सगळं तोच बघतो. जीन्स घालतो, मला काकू म्हणतो, पण माणूस सरळ आहे. तुझ्या सगळ्या नाटकांची एकत्र आवृत्ती गुढीपाडव्याला काढायची आहे, आणि लेखानंतर त्याला सगळीकडून फोन येताहेत की नाव कुणाचं छापणार. तीन मुखपृष्ठं तयार करून आणली होती. एकावर तू, एकावर मी, एकावर दोघं. साड्या दाखवाव्यात तशी त्यानं ती माझ्यासमोर पसरली.

रेवती घाटकोपरहून मुद्दाम आली होती. तिनं माझ्या एकटीच्या नावाचं मुखपृष्ठ उचललं आणि ते खाली ठेवेचना. म्हणाली, "आई, आयुष्यभर बाबांच्या सत्काराला तू पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्यास. आता तरी बोल ना."

मी म्हटलं, "मला टाळ्या वाजवायला आवडायचं."

"तेच तर. तुला काहीही आवडतं."

देवू, तिचं चुकत नाही. लहानपणापासून ती आतल्या खोलीत अभ्यास करायची आणि आपण बाहेर दुसऱ्याच कुणाची तरी भांडणं भांडायचो. खरं भांडण कुठलं आणि नाटकातलं कुठलं, हे त्या पोरीला कधी कळलं नाही. ती मला म्हणाली, "मी कानात कापूस घालून झोपायचे." हे मला आज कळलं.

मग मी आकाशला विचारलं, "तो काय म्हणतो?" आकाश म्हणाला, तो दिंडोशीला तुझ्याकडे जाऊन आला, तू त्याला चहा पाजलास आणि म्हणालास, "कुंदा म्हणेल ते."

आता मात्र मला राग आला, आणि तो या पत्रातून तुझ्यापर्यंत पोचावा अशी इच्छा आहे. जन्मभर तू अर्धं बोललास आणि उरलेलं मी पुरं केलं. आता तुझ्या नावाचा प्रश्न आहे, तुझ्या आयुष्याच्या कामाचा, तरी तू गॅलरीत बसून म्हणणार, कुंदा म्हणेल ते. मी 'माझी' म्हटलं तर तू चोर ठरतोस. मी 'त्याची' म्हटलं तर मी खोटं बोलते. आणि 'दोघांची' म्हटलं तर लोक विचारणार, मग गेलात कशाला सोडून? त्याचं उत्तरही मीच द्यायचं?

नकाशा काढून बघ. तू डोंगराच्या त्या बाजूला, मी या बाजूला. मधे फक्त जंगल. आता तर खालून बोगदाही खणताहेत. नातीच्या बारशाला तू माझ्याशेजारच्या खुर्चीत बसला होतास आणि आपण पुऱ्या मऊ पडल्या यावर बोललो. घटस्फोट आपण घेतला नाही, कारण दोघांनाही कोर्टाचा कंटाळा. मी इथे आल्यापासून वाट बघते आहे देवू, की तू एकदा तरी विचारशील, "का गेलीस?" तू विचारत नाहीस. तुला माहीत आहे म्हणून विचारत नाहीस, की तुला खरंच कळलेलं नाही, एवढं मला समजलं तर मी आकाशला नाव सांगू शकेन. माझं सगळं तिथे अडलंय.

कुंदा


मुलुंड, १६ फेब्रुवारी

देवू,

तू विचारणार नाहीस, तेव्हा मीच सांगते. आईच्या जागेचं निमित्त होतं.

ज्या वर्षी 'सामान बांधून झालं' या नाटकाचं लिहिणं चाललं होतं, त्या वर्षी आपण नाटकाबाहेर काही बोललोच नाही. तुझ्या लक्षात आलं नसेल. सकाळी "समजा" सुरू व्हायचं ते झोपेपर्यंत. त्यातच दिवाळीत माझी आई गेली. स्मशानातून तुम्ही लोक परत आलात, मी खिडकीशी बसले होते, तू जवळ येऊन बसलास. मला वाटलं, आता हा पाठीवर हात ठेवील. तू विचारलंस, "कुंदा, आत्ता नेमकं काय वाटतंय? शब्दांत सांग." आणि मी सांगितलं. काय वाटतंय ते नीट, शब्दांत सांगितलं. पुढच्या आठवड्यात ते दुसऱ्या अंकात होतं.

मी तेव्हा काही बोलले नाही. मीच तर लिहून घेतलं होतं.

मग पहिलं वाचन. आपल्याकडची पद्धतच होती, नवं नाटक आधी घरी वाचायचं, दिग्दर्शक आणि नटमंडळी सतरंजीवर, मी बटाटेवडे तळून ठेवलेले. पुरुषांची वाक्यं तू वाचायचास, बायकांची मी. शेवट सापडलेला नव्हता. तू सगळ्यांना म्हणालास, "वाचता वाचता सापडेल." तुझं ते लांबलचक स्वगत झालं, ज्यात तो माणूस बायकोला सगळ्या चुका समजावून सांगतो. तू थांबलास. पुढे कागद कोरा होता. तू माझ्याकडे बघितलंस, नेहमी बघायचास तसा, आता ही काय म्हणते म्हणून.

आणि मी म्हटलं, "मला आता तुझ्याशी बोलायचं नाहीये. नुसतं तुझ्याजवळ बसायचंय. बसू देशील?"

देवू, ते मी म्हटलं होतं. मी. त्या नाटकातल्या बाईनं नाही. इतक्या लोकांसमोर म्हणायची मला लाज वाटली असती, पण एकटे असताना तू ऐकायचा कुठे होतास? वड्यांचं तेल हाताला तसंच होतं, डोळ्यांत पाणी आलं होतं. तू माझ्याकडे बघत होतास, तुझा चेहरा एकदम उजळला. मला वाटलं, पोचलं. इतक्या वर्षांत एकदा पोचलं.

तू म्हणालास, "लिहून घे, कुंदा."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी पेन उचललं आणि लिहून घेतलं. सवयच ती. नंतर आत जाऊन वडे गरम केले.

महिन्याभरानं मी मुलुंडला आले. त्या नाटकाचे शेकड्यांनी प्रयोग झाले. पडदा पडताना लोक रडतात म्हणे. मी एकही प्रयोग पाहिलेला नाही. माझ्या प्रश्नावर रोज वेगवेगळ्या गावात टाळ्या पडत राहिल्या, आणि ज्याला विचारलं होतं त्यानं उत्तर दिलं नाही.

तू दुष्ट नव्हतास. दुष्ट असतास तर मी तुला केव्हाच विसरले असते. आपण दोघांनी मिळून बोलायची अशी पद्धत लावून घेतली होती की त्यात खरं काही म्हटलं तरी ते वाक्य व्हायचं. दूध उतू गेलं तेव्हा मी हसले होते. तेव्हा हसायला नको होतं.

कुंदा


मुलुंड, २२ फेब्रुवारी

देवू,

आज आकाशला बोलावून सांगून टाकलं. गार्गी आणि रेवतीही होत्या.

मी म्हटलं, नाटकं दोघांची. कुणाचं किती, हे गार्गीला मोजायचं असेल तर तिनं मोजावं, पण तिच्या हाती काही लागणार नाही. गोष्ट कुठे वळणार आणि कुठे थांबणार हे देवव्रतला कळायचं, मला कधीच नाही. माणसं एकमेकांना काय बोलतील हे मला कळायचं. नाव दोघांचं छाप, आधी कुणाचं ते तू ठरव. लोकांनी विचारलं की सोडून का गेलात, तर सांग की म्हातारीनं सांगितलं नाही.

आकाशला हायसं वाटलं. रेवतीच्या डोळ्यांत पाणी आलं, तिनं माझा हात धरला, तेवढ्यावर ती राजी झाली. गार्गी पटापट टिपून घेत होती.

मग मी म्हटलं, "एक अट आहे. 'सामान बांधून झालं'चं शेवटचं वाक्य काढायचं."

आकाशला वाटलं मी चेष्टा करते. "काकू, ते वाक्य टी-शर्टवर आहे. लोक लग्नाच्या पत्रिकेवर छापतात. 'बसू देशील?' म्हटलं की अख्ख्या महाराष्ट्राला नाटक आठवतं."

"आठवू दे. पुस्तकात नको."

"पण मग नाटकाला शेवट काय?"

"एक वाक्य आधी संपेल. तो बोलून थांबतो आणि ती काहीच म्हणत नाही. पडदा."

गार्गी हळूच म्हणाली, "पण ते तर सगळ्यात चांगलं वाक्य आहे. आणि ते तुमचंच आहे, हे तुम्ही आता सिद्ध करू शकता."

मी म्हटलं, "अगं, ते वाक्य नाही. ते मी माझ्या नवऱ्याला विचारलं होतं. चुकून नाटकात गेलं. ते मला परत हवंय."

रेवती माझ्याकडे बघत राहिली. तिला पहिल्यांदाच कळलं असेल. आकाशनं बराच वेळ कपाळ चोळलं, मग म्हणाला, मजकूर बदलायचा तर देवव्रतकाकांची सही लागेल. मी म्हटलं, घे. आणि या वेळी तो 'कुंदा म्हणेल ते' म्हणाला तर सही घेऊ नकोस. त्याला सगळं नीट सांग, ते वाक्य कुणी कुणाला म्हटलं होतं ते सांग, आणि मग विचार.

मंगळवारी तो तुझ्याकडे येतोय. तू नाही म्हणालास तर नाटक आहे तसं छापलं जाईल, मी भांडणार नाही. फक्त पुन्हा पत्र लिहिणार नाही.

कुंदा


मुलुंड, २ मार्च

देवू,

परवा संध्याकाळी फोन वाजला तेव्हा मी पालक निवडत होते. तुझा नंबर बघून दोन्ही हात पदराला पुसले.

तू म्हणालास, "सही केली." आणि गप्प झालास.

माझ्या ओठांवर शब्द आले होते. माझ्या ओठांवर ते नेहमीच येतात, तू थांबलास की पुढचं मी म्हणायचं. या वेळी म्हटलं नाही. वाट बघत राहिले, तू "समजा" म्हणशील, काहीतरी म्हणशील. तू म्हणाला नाहीस. फोनही ठेवला नाहीस. तुझ्याकडे कुणीतरी खाली मुलांना हाका मारत होतं, अनयनं मिक्सर लावला आणि बंद केला. तुझा श्वास ऐकू येत होता, तो थोडा घरघरतो, डॉक्टरला दाखव. मी खुर्ची ओढून बसले. तूही बसला असावास, कारण तुझ्या वेताच्या खुर्चीचा आवाज आला. बाहेर दिवे लागले तरी आपण तसेच होतो.

किती वेळ झाला होता कोण जाणे. मला रडू येत होतं आणि तुला ते ऐकू येत होतं, आणि तू मला काय वाटतंय ते विचारलं नाहीस.

गुरुवारी सकाळी येते. दार उघडशील तेव्हा काही बोलू नकोस.

कुंदा